फ्यूज उडाला!

दिवाळीच्या दिवशी, ऐन सांजवेळी, दिवा जाण्यासारखी दुसरी आपत्ती नाही. माझ्या लहानपणी गिरगावातल्या आमच्या चाळीत हा प्रसंग दरवर्षी न चुकता यायचा. गॅलरीत रंगीत दिव्यांची माळ सोडलेली, घरात रेडिओ चालू, आईने इस्त्री तापत ठेवलेली, आणि एकाएकी सगळीकडे अंधारगुडुप. मग एकच ओरडा व्हायचा, ‘फ्यूज उडाला!’

आमचे अण्णा मात्र मुळीच गडबडत नसत. ते कोनाड्यातला गोल डबा काढत. त्यात मेणबत्तीचा तुकडा, एक पेचकस आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेली फ्यूजची तार असे. जिन्याखाली जाऊन ते चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज ओढून काढत आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यात नवी तार बांधत. एकच पदर. त्यापेक्षा अधिक कधी नाही. आणि तीसुद्धा लगेच नव्हे. आधी वर येऊन इस्त्री काढून ठेवायची, दिव्यांच्या माळेची वायर बोटांनी चाचपून पाहायची, आणि मग पुन्हा जिन्याखाली. तोवर शेजारच्या बिऱ्हाडात लखलखाट असायचा. कारण शेजारच्या काकांनी आपल्या फ्यूजात तारेचे चांगले चार-पाच पदर पिळून घातले होते. त्यांचा फ्यूज जन्मात कधी उडत नसे.

“अण्णा, आपणही चार पदर घालू या ना!” मी कुरकुरत म्हणायचो.

“आधी का गेला ते शोधावं,” अण्णा म्हणायचे, “मग तार बांधावी.”

मला ते उत्तर भारी चिडखोर आणि कंजूषपणाचे वाटे. अण्णा तारसुद्धा जपून वापरतात, असा मी त्याचा अर्थ लावला होता. तो चुकीचा होता हे कळायला मला पुरी पन्नास वर्षे लागली, आणि ते कळले तेही घरात नव्हे, भर समुद्रात.

त्याचे असे झाले. नोकरीतून मोकळा झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतेच. कुणी गुलाब लावतो, कुणी होमिओपॅथीची पुस्तके आणतो. मी आणि माझ्या एका जुन्या मित्राने निम्मे-निम्मे पैसे घालून एक शिडाची होडी घेतली. होडी म्हणजे अठ्ठावीस फुटांची, फायबरची, दोन डुलक्या घ्यायच्या बिछान्यांची, आणि आमच्यासारखीच वयस्क. आमच्या घरी त्यावरून जे बोलणे झाले ते सांगण्यात अर्थ नाही. ‘नावेला नाव ठेवताय, पण लोक तुम्हांला नावं ठेवतील त्याचं काय?’ एवढेच त्यातले छापण्याजोगे आहे.

मुंबईकराला समुद्र दिसतो रोज, पण तो त्यात शिरतो क्वचित. २०१२ च्या नोव्हेंबरात अभिलाष टॉमी हे नौदलातले अधिकारी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१३ च्या मार्चअखेर परत आले. ही म्हादेई गोव्यात बांधलेली. त्या पराक्रमाच्या बातम्यांनी आमच्यासारख्यांची छाती उगीचच फुगली होती. प्रत्यक्षात आमची मजल मांडवा, फार तर मुरूडपर्यंत!

आता वाचक विचारतील, शिडाच्या होडीला वीज कशाला हवी? वारा फुकट आहे, चंद्र फुकट आहे. मलाही आरंभी तसेच वाटले होते. पण रात्री चालणाऱ्या होडीला डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लागतो. नसला तर एखादे अजस्र मालवाहू जहाज तुम्हांला न बघताच तुमच्यावरून निघून जाईल. बंदराशी बोलायला रेडिओ हवा, नकाशा दाखवणारे यंत्र हवे. तळाशी झिरपून साचणारे पाणी उपसायला पंप हवा. वारा पडला तर डिझेलचे इंजिन सुरू करायला स्टार्टर हवा. आणि मित्राच्या सौभाग्यवतींना गरम चहा हवा म्हणून बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरच्यासारखे दोनशे तीस व्होल्ट करणारा इन्व्हर्टरही हवा! या सगळ्यांची आई म्हणजे बिछान्याखाली बसवलेल्या बॅटऱ्या. आमच्याकडे शंभर-शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या दोन होत्या.

बारा व्होल्ट! हा आकडाच मोठा फसवा आहे. घरच्या दोनशे तीस व्होल्टांना आपण भितो, कारण हात लागला तर झटका बसतो. बारा व्होल्टांच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडा हात लावा, काही म्हणजे काही होत नाही. म्हणून आम्ही तिला गरीब गाय समजलो. गाय खरी, पण तिचे दूध सांडायला लागले म्हणजे काय होते ते आम्हांला ठाऊक नव्हते.

दोन हिवाळ्यांनंतरची गोष्ट. मुरूडहून परत येत होतो. मी, मित्र आणि माझा कॉलेजात शिकणारा भाचा. अंधारून आले होते, खांदेरीचा दीप नुकता दिसू लागला होता आणि होडी लाटांवर चांगलीच डुलत होती. मी सुकाणूवर होतो. भाचा खाली आडवा झाला होता. तो एकाएकी वर डोके काढून म्हणाला, “मामा, खाली काजवे आहेत का हो?”

“समुद्रात कसले काजवे?”

“इंजिनाच्या मागे काहीतरी चमकतंय. होडी डावीकडे कलली की चमकतं. आणि वास येतोय.”

मित्र खाली धावला. वास रबर जळल्याचा होता. प्रत्येक डुलण्यासरशी इंजिनामागच्या अंधारात निळसर ठिणगी फुटत होती. त्याने जिन्याजवळचा बॅटरीचा मुख्य खटका बंद केला. आमचे सगळे दिवे गेले. ठिणगी मात्र चालूच! होडी डावीकडे कलली, तड्! पुन्हा कलली, तड्!

त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. घराला आग लागली तर माणूस रस्त्यावर धावतो. होडीला आग लागली तर धावायचे कुठे? इंजिनाशेजारी डिझेलची टाकी होती, अंगाखाली जळाऊ फायबर होते, आणि बहिणीचा एकुलता एक मुलगा माझ्या भरवशावर बरोबर आला होता.

मित्र यंत्रांतला जाणकार, त्याचे डोके ठिकाणावर होते. त्याने पान्याने आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर काढली. हा क्रम महत्त्वाचा. धन बाजूचा नट फिरवताना पाना चुकून इंजिनाच्या लोखंडाला टेकला तर पानाच वायरीचे काम करतो आणि तापून हातातच लाल होतो. ऋण बाजू आधी सुटली की मंडलच तुटते. वायर सुटली, ठिणगी थांबली, आणि आम्ही तिघे अंधारात एकमेकांचे श्वास ऐकत बसलो.

ती रात्र आम्ही कशी काढली ते सांगायला नको. इंजिन नाही, दिवे नाहीत. दूर जहाजाचा दिवा दिसला की भाचा विजेरीचा झोत आमच्या पांढऱ्या शिडावर टाकी, म्हणजे निदान शीड तरी त्यांना दिसावे. पहाटे मतलई वारा सुटला आणि त्याने आम्हांला मुंबईला आणून पोचवले. भाच्याने आईला काही सांगितले नाही. या बाबतीत मी त्याचा आजन्म ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी उजेडात कारण सापडले. बॅटरीपासून निघालेली धन बाजूची जाड वायर इंजिनाच्या मागून जिन्याजवळच्या खटक्यापर्यंत गेली होती, चांगली तीन मीटर. वाटेत ती एका लोखंडी कंगोऱ्यावर टेकली होती. दोन वर्षे होडीच्या डुलण्याने घासता घासता तिचे वरचे आवरण झिजले आणि आतले तांबे उघडे पडले. इंजिनाचे सारे लोखंड बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेले असते. म्हणजे प्रत्येक डुलकीला बॅटरीची दोन टोके थेट एकमेकांना भेटत होती.

“पण आपल्याकडे फ्यूज होता ना?” मी विचारले.

होता! पन्नास अँपिअरचा मुख्य फ्यूज होता, आणि तो ठणठणीत होता. खटक्याच्या शेजारी, सुंदर झाकणात, बॅटरीपासून तीन मीटर दूर. वायर उघडी पडली होती ती त्याच्या अलीकडे. वीज बॅटरीतून निघून वाटेतच परत जात होती. फ्यूजपर्यंत ती पोचलीच नव्हती, मग त्याने उडावे कशाला? चोर फाटकातून शिरून अंगणातल्या अंगणात मांडव जाळून गेला, आणि गुरखा माडीच्या दाराशी पहारा देत बसला होता.

तेव्हापासून मी फ्यूजचा अभ्यास करू लागलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “या वयात गीतेचा करतात.” पण मी सांगतो, त्या बोटभर वस्तूतही बरेच तत्त्वज्ञान आहे.

पहिली गोष्ट मला कळली ती ही की फ्यूज यंत्राचे रक्षण करण्यासाठी नसतोच. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. आपण समजतो, रेडिओ जळू नये म्हणून फ्यूज. छे! रेडिओ बिघडायचा असला तर बिघडतोच. फ्यूज एवढेच पाहतो की बिघडलेल्या रेडिओपायी भिंतीतली वायर तापून घर पेटू नये. म्हणून फ्यूजचा आकडा ठरवताना दोन प्रश्न विचारायचे. या वायरीवर काम करताना जास्तीत जास्त किती प्रवाह जाणार? आणि ही वायर न तापता किती सोसणार? फ्यूज पहिल्या आकड्याच्या वर आणि दुसऱ्याच्या आत बसला पाहिजे. तो बसत नसेल तर वायर जाड करायची, फ्यूज नव्हे.

उदाहरण म्हणून आमचा तो चहाचा इन्व्हर्टर घ्या. हजार वॅटचा. बॅटरी उतरत येऊन अकरा व्होल्टवर आली, आणि इन्व्हर्टर शंभरातले पंधरा स्वतःच गिळतो असे धरले, तर हजाराला अकराने भागा आणि पुन्हा ०.८५ ने भागा. एकशे सात अँपिअर येतात. घरी ज्या किटलीला पाच अँपिअरही लागत नाहीत, तिच्यासाठी होडीत शंभरावर! व्होल्ट कमी झाले की अँपिअर वाढतात, हा बारा व्होल्टचा खरा दंश. त्याला आम्ही पस्तीस चौरस मिलिमीटरची वायर आणि दीडशेचा फ्यूज दिला. दिवे, रेडिओ, पंप, नकाशायंत्र सगळे एकदम चालवले तरी चाळीसच्या वर जात नाही. तिकडे जाणारी वायर सोळा चौरस मिलिमीटरची, म्हणून तिला ऐंशीचा.

इथे मित्राचे आणि माझे वाजले. तो म्हणाला, “दोन कशाला? एकच तीनशेचा घालू, भानगडच नको. रात्री समुद्रात तुझा ऐंशीचा उडाला तर?”

मी म्हणालो, “सोळाच्या वायरीवर तीनशेचा फ्यूज घातला, तर फ्यूज कोण होणार ठाऊक आहे? ती वायरच! तीनशेचा फ्यूज थंड बसेल आणि वायर बिछान्याखाली लाल होईल.”

तो माझा चाळीस वर्षांचा मित्र, पण चार दिवस आमच्यात बोलणे नव्हते. गंमत अशी की त्या चार दिवसांत मला शेजारच्या काकांचे पाच पदर सारखे आठवत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या नियमांत ते स्पष्ट आहे. बॅटरीच्या टोकापासून वायरीने मोजून सात इंचांच्या, म्हणजे सुमारे अठरा सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. वायर आवरणातून सुरक्षित नेली असेल तरच त्याला अधिक मोकळीक. सात इंचांच्या पलीकडे जे काही होईल त्याचा जिम्मा फ्यूजचा, अलीकडच्या सात इंचांचा तुमचा. आमचे तीन मीटर अलीकडे होते! स्टार्टरच्या वायरीला मात्र हे नियम सूट देतात. तो सुरू होताना क्षणभर शेकडो अँपिअर ओढतो. त्याला फ्यूज नाही दिला तरी चालते, पण मग ती वायर शक्य तितकी आखूड आणि कशालाही न घासणारी ठेवायची. आम्ही तिच्यावर रबरी नळी चढवली आणि वीतभर अंतरावर पट्ट्यांनी आवळली.

तिसरी गोष्ट मात्र मला पुस्तकातून कळेपर्यंत स्वप्नातही सुचली नव्हती. फ्यूज वितळला म्हणजे काम झाले असे नाही. तो वितळल्यावर वीज थांबली पाहिजे!

हिशेब पाहा. चांगल्या बॅटरीचा आणि आखूड वायरीचा मिळून अंतर्गत रोध चार मिलिओहम धरला, तर टोके एकमेकांना भिडल्यावर १२.६ भागिले ०.००४, म्हणजे तीन हजारांवर अँपिअर वाहतात. दोन बॅटऱ्या जोडीने असतील तर त्याहून कितीतरी अधिक. एवढा लोंढा आला की फ्यूजची पट्टी वितळते खरी, पण तिच्या दोन टोकांमधल्या फटीतून वीज ज्वाळेच्या रूपाने उडी मारून चालूच राहते. घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे शंभर वेळा शून्यावर येते, आणि त्या शून्याच्या क्षणी ज्वाळेला विझायची संधी मिळते. बॅटरीची वीज कधी शून्यावर येतच नाही. ती एकाच दिशेने रेटत राहते. म्हणून प्रत्येक चांगल्या फ्यूजवर अँपिअरच्या आकड्याखेरीज आणखी दोन गोष्टी नोंदलेल्या असतात. एकदिश विजेवर तो किती व्होल्टपर्यंत चालेल, आणि जास्तीत जास्त किती प्रवाह तो खात्रीने तोडील. मोटारीतल्या पात्यासारख्या छोट्या फ्यूजांची ही ताकद साधारण हजार अँपिअरची. दिव्या-पंपांच्या फाट्यांवर ते उत्तम, बॅटरीच्या तोंडाशी नव्हे. बोल्टने आवळायचे एएनएल फ्यूज सहा हजारांपर्यंतचे मिळतात. एमआरबीएफ नावाचा चौकोनी ठोकळ्यासारखा फ्यूज थेट बॅटरीच्या टोकावरच बसतो आणि चौदा व्होल्टला दहा हजार अँपिअर तोडतो. सात इंचांचा प्रश्नही तिथेच मिटतो.

हे सगळे टिपणवहीत लिहून मी लोहार चाळीत गेलो. विजेच्या सामानाचा तो बाजार मुंबईकरांना सांगायला नको. दुकानदाराने विचारले, “कशाला पाहिजे? रिक्षाला का इन्व्हर्टरला?”

“होडीला.”

त्याने मला नीट न्याहाळले. चष्मा, पिशवी, छत्री. मग एक चकचकीत सोनेरी फ्यूज काढून पुढे ठेवला. “गाण्याच्या सिस्टिमला हाच नेतात. एक नंबर माल.”

मी वळवून-वळवून पाहिला. दीडशे अँपिअर एवढेच लिहिलेले. किती व्होल्ट, किती तोडणार, कुणी केला, काही नाही. मी विचारले तसा तो हसून म्हणाला, “काका, फ्यूज आहे. लग्न नाही जमवायचं.”

मी मनात म्हटले, बाबा, याच्या भरवशावर मुलाबाळांना घेऊन समुद्रात जायचे, त्यापेक्षा लग्नात जोखीम कमी! अखेर तिसऱ्या दुकानात नाव-गाव लिहिलेले फ्यूज मागवून घेतले. दोन बसवायला आणि प्रत्येकी दोन डब्यात ठेवायला. जादा फ्यूज जवळ नसले की माणसाला अडचणीच्या वेळी खिळा आणि चांदीचा कागद आठवतो.

पुढे शिशाच्या बॅटऱ्या थकल्या आणि आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. वजनाला निम्म्याहून कमी, पण अंतर्गत रोध आणखी कमी, म्हणजे लोंढा आणखी मोठा. तिच्या पोटात स्वतःचा एक इलेक्ट्रॉनिक रखवालदार असतो. तरी तो एकटा पुरे नाही, कारण इलेक्ट्रॉनिक खटके बिघडले तर कधी कधी चालू अवस्थेतच चिकटून बसतात. तिच्यासाठी क्लास टी जातीचा फ्यूज घातला. हा वीस हजार अँपिअरपर्यंत तोडतो. त्याच्या पोटात काय असते ठाऊक आहे? वाळू! पट्टी वितळली की ज्वाळेच्या उष्णतेने भोवतालची वाळूही वितळून काचेसारखी होते, आणि ज्वाळा त्यात गुदमरून मरते. जन्मभर ज्या वाळूत होडी रुतेल म्हणून भ्यालो, तीच वाळू आता आमचे रक्षण करते आहे.

एवढे सगळे झाल्यावर मी फ्यूजचा असा काही भक्त झालो की विचारू नका. सगळीकडे लहानात लहान फ्यूज घालत सुटलो. पाणी उपसायच्या पंपाला पाचाचा लागतो, मी तिनाचा घातला. सावध माणूस ना! पहिल्याच सहलीत पंप सुरू होताना तो उडाला. मोटर फिरू लागण्याच्या क्षणी नेहमीपेक्षा जास्त प्रवाह घेते. आम्हांला पत्ता नाही. मांडव्याला पोचलो तेव्हा पायांखालच्या फळ्या पाण्यावर तरंगत होत्या. तेव्हा मित्राने माझ्याकडे नुसते पाहिले. त्याचेही खरे होते. समुद्रात अकारण उडणारा फ्यूजसुद्धा जीव घेऊ शकतो. आता पंपाला पाचाचाच फ्यूज आहे, आणि त्याची वायर मुख्य खटक्याच्या अलीकडून, स्वतंत्र फ्यूजमधून, थेट बॅटरीवरून घेतली आहे. आम्ही सगळे बंद करून घरी गेलो तरी तो जागा राहतो. आणि फाट्यांवरचे लहान फ्यूज मुख्य फ्यूजपेक्षा खूपच खालचे आहेत. एक दिवा बिघडला तर एक दिवा जावा, सारी होडी अंधारात जाऊ नये.

आमची होडी सांभाळणारा तांडेल हा सगळा खटाटोप बिडी ओढत पाहत असे. एके दिवशी मी त्याला फ्यूज समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे नांगराची सुतळी.”

“कसली सुतळी?”

तो सांगू लागला. खडकाळ जागी नांगर टाकायचा असला तर जाड दोर नांगराच्या वरच्या कडीला पक्का बांधत नाहीत. तो खालच्या बुडख्याला बांधतात, दांड्यावरून वर आणतात आणि कडीला नुसत्या बारीक सुतळीने अडकवतात. नांगर खडकात अडकला की जोराने ओढायचे. सुतळी तुटते, ओढ बुडख्याकडून लागते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. सुतळी जाड घातली तर नांगर गेला, नाही तर दोर गेला. अगदीच बारीक घातली तर होडी रात्रीत वाहून जाते.

“किती जाड घालायची, हे कसं ठरवतोस?” मी विचारले.

“होडी बघून, वारा बघून,” तो म्हणाला. “ती तुटायलाच बांधलेली असते, शेट. पण उगीच तुटायला नाय.”

मी चार पुस्तके वाचून जे शिकलो ते त्याने एका बिडीत सांगितले.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी, मित्र आणि तोच भाचा. तो आता नोकरीला आहे. रेवदंड्याच्या बाहेर होतो, संध्याकाळ झाली होती. मागचा पांढरा दिवा एकाएकी गेला. भाच्याने फळीवरचे झाकण उघडले आणि म्हणाला, “मामा, तीनचा फ्यूज गेलाय.” त्याने डब्यातून नवा काढून बसवला. तोही टिचकन् गेला. डब्यात शेजारीच दहाचा होता. त्याचा हात तिकडे वळला. मित्र काही बोलला नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

“मामा, दहाचा घालून बघू का? अंधार पडतोय.”

माझ्या तोंडून शब्द गेले ते माझे नव्हतेच. “आधी का गेला ते शोध. मग घाल.”

विजेरी घेऊन तो पिछाडीला सरपटत गेला. दिव्याच्या जोडणीत खारे पाणी शिरले होते, तांब्यावर हिरवट बुरशी धरून दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने त्या कापल्या, खरवडून पुसल्या, नव्याने जोडल्या, पट्टी गुंडाळली. दहा मिनिटे लागली. मग तीनाचा तिसरा फ्यूज घातला, आणि मागे पांढरा दिवा लागला.

अण्णा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. चाळही आता राहिली नाही. पण तो गोल डबा मी जपून ठेवला आहे. होडीचे जादा फ्यूज त्यातच असतात. पुठ्ठ्यावर गुंडाळलेली ती जुनी तारही त्यात आहे. ती आता कशाच्याच कामाची नाही, पण काढून टाकवत नाही. यंदाच्या दिवाळीत नातवाने गॅलरीत माळ लावताना दिवे घालवले. हल्ली फ्यूज नसतात, खटका पडतो, तो नुसता वर केला की झाले. तो धावत खटका वर करायला निघाला. मी म्हणालो, “थांब रे जरा.” आणि माळेची वायर बोटांनी चाचपू लागलो.